सभागृहातला उलटा पंखा

गल्लीत तिला सगळे तारवाली म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. जळलेले पंखे, पंप, मिक्सर तिच्याकडे येत. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेटोळं करून बांधायची, हा तिचा वाइंडिंगचा धंदा. दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. मागच्या खोल्यांत तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि भाची राहत. भावजयीला सगळी गल्ली वहिनी म्हणे. वहिनी देवाला मानणारी बाई. पण हात जोडताना एक तक्रार ती न चुकता करायची : देवा, घर दिलंस ते दिलंस, पण घराच्या तोंडाशी नणंद कशाला बसवलीस?

कारण पाहुणा आला की त्याला आधी ओलांडावी लागे ती तारवाली. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. तो नवरा कधीच तिला सोडून गेलेला, शर्ट तेवढा मागे राहिलेला. बोटं व्हार्निशने पिवळी, दातांत तार धरलेली. पाहुण्याला "या" म्हणायचं सोडून ही विचारणार, "काय जळलं?" वहिनीचा चुलतभाऊ एकदा लग्नपत्रिका घेऊन आला तेव्हाही हेच. तो बिचारा म्हणाला, "काही नाही जळलं, लग्न आहे." त्यावर ही म्हणाली, "मग वर्षाने या."

धंदा मूळ वडिलांचा. मुलाने तो पुढे चालवावा अशी त्यांची फार इच्छा, पण व्हार्निशचा वास आला की मुलाच्या अंगावर गांधी उठत. तो कचेरीत चिकटला. मुलगी मात्र बाकाखाली बसून बघत बघत शिकली आणि वयात यायच्या आधीच वडिलांपेक्षा स्वच्छ बांधायला लागली. गिऱ्हाईक विचारायचं, "काम छान झालंय, कोणी केलं?" वडील म्हणायचे, "मुलाने." मुलगी तिथेच, हातात पक्कड. हे वहिनीला नवऱ्याने सांगितलेलं, आणि सांगताना त्याची मान खाली होती. वहिनीला तेव्हा क्षणभर वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटणं ही रोज पुरणारी गोष्ट नाही. रोज पुरतो तो राग.

वडील गेले आणि तारवालीने दुकानात स्वतःचे कायदे आणले. पहिला कायदा : शिकायला फक्त मुली येतील. कोणीतरी विचारलं, "मुलांनी काय घोडं मारलंय तुमचं?" तर म्हणाली, "मुलांना गावभर दुकानं उघडी आहेत. जा म्हणावं." शाळा सुटली की गल्लीतल्या चार-दोन पोरी बाकाशी येऊन बसत. ती त्यांना कौतुकाने शिकवत असेल असं कोणाला वाटेल, पण नाव नको. जळलेली मोटर पुढ्यात टाकायची आणि म्हणायचं, "ही मेली. का मेली सांगा, मग घरी जा." पोरी वास घेत, काळा डाग शोधत, बेअरिंग हलवून बघत. चूक सांगितली तर, "डोकं कशाला दिलंय, रिबिनी बांधायला?" बरोबर सांगितलं तर नुसतं "हं". त्या एका हुंकारासाठी पोरी रोज येत, आणि त्यांच्या आया वहिनीकडे येऊन भांडत. "तुमच्या नणंदेने माझ्या मुलीला गाढव म्हटलं." वहिनी म्हणायची, "मला तर ती रोज म्हणते. मी कोणाकडे जाऊ?"

दुसरा कायदा जास्त कडक. ज्याने बांधलं, त्यानेच उघडायचं. कामात खोट निघाली तर जिने ते बांधलं तिनेच गिऱ्हाइकासमोर उभं राहून, जिथे खोट दिसली तिथेच ती काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. खुद्द तारवालीनेही नाही.

या सगळ्यात वहिनीची एकुलती एक लेक, घरातलं नाव बारकी, पुरती बुडाली. शाळा संपली आणि तिने जाहीर केलं की तिला तंत्रशाळेत जायचंय, विजेच्या शाखेला.

"विजेच्या?" वहिनी म्हणाली. "आपल्या घरात वीज कमी आहे का? एक पुढच्या खोलीत बसलीय ती पुरे नाही झाली?"

"आई, आत्या म्हणते मला जमेल."

"आत्या असं म्हणाली?"

बारकी जरा थांबली. "हं म्हणाली."

वहिनीचं म्हणणं सरळ होतं. तिला लेकीचा दुस्वास नव्हता, तिला लेकीची तारवाली व्हायला नको होती. पिवळी बोटं, तुटलेला संसार, पुरुषाचा शर्ट आणि सगळ्या गल्लीशी वैर. तिच्या हिशोबी हे सगळं त्या तांब्याच्या तारेतूनच अंगात शिरतं. बालवाडी-शिक्षिका व्हायच्या प्रशिक्षणाचा वर्ग जवळच होता. पोर तिथे शिकेल, चार माणसांत मान राहील. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा." म्हणजे त्याने आयुष्यभर जे केलं तेच पुन्हा केलं.

तेवढ्यात प्रार्थना मंडळाच्या सभागृहातले पंखे दुरुस्तीला आले. मंडळ म्हणजे वहिनीचं दुसरं माहेर. अध्यक्षीणबाईंनी पंखे तारवालीकडे पाठवले खरे, पण पाठवताना वहिनीला ऐकवलंच, "तुझ्याकडे बघून देतेय हो. तुझ्या नणंदेला देवाधर्माचं काही आहे की नाही, देवच जाणे." तारवालीने त्यातला एक पंखा बारकीच्या पुढ्यात सरकवला. "हा तुझा. मी बघणार पण नाही."

वहिनीने दाराआडून ऐकलं आणि तिच्या मनात एक गोष्ट आली. तिने बारकीला स्वयंपाकघरात बोलावून देवापुढे उभं केलं.

"हे बघ. वार्षिक सभेच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर तुझा पंखा नीट चालला तर तू तंत्रशाळेत जा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही चालला तर विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

"आणि आत्याला यातलं काही सांगायचं नाही. नाहीतर तीच बांधून देईल."

बारकी म्हणाली, "ती नाही देणार." पण कबूल झाली. वहिनीने देवाला साक्ष ठेवलं. खरं सांगायचं तर साक्षीबरोबर एक छोटीशी विनंतीही केली. ती काय होती हे देवाला माहीत, आणि वहिनीला तिची नंतर लाज वाटली.

बारकी त्या पंख्याला अशी चिकटली की जेवायलाही हाक मारावी लागे. वेटोळी बांधली, खाचांत बसवली, कागद सारले, जोडांना डाग दिला, व्हार्निश वाळवलं. मग पाती न लावता मोटर बाकावर ठेवून सुरू केली. वहिनी चहा द्यायच्या निमित्ताने डोकावली. मोटर आवाज न करता छान फिरत होती. बारकीचा चेहरा फुललेला. तारवाली पलीकडे पंप उघडून बसलेली. तिने एकदा त्या फिरणाऱ्या मोटरीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पुन्हा पंपात डोकं घातलं.

सभेच्या सकाळी आत्या-भाचीने पंखे टांगले तेव्हा वीज गेलेली होती. वीज आली ती बायका जमायला लागल्यावर. अध्यक्षीणबाईंनी स्वतःच्या हाताने बटणं दाबली. सगळे पंखे फिरले. बारकीचा पंखाही फिरला, मधल्या रांगेवरचा, आणि वहिनीने निःश्वास टाकला. तो सुटकेचा होता की दुसरा कसला, हे तिचं तिलाच कळेना.

पण थोड्या वेळात मधल्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. पंखा तर भन्नाट फिरतोय आणि खाली वाऱ्याची झुळूक नाही. बायका पदराने वारा घ्यायला लागल्या. एकीने वर बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, याचा वारा वरच्या मजल्यावर जातोय!"

"उलटा फिरतोय," दुसरी म्हणाली. "उलट्या डोक्याच्या दुकानातून आलाय, सरळ कसा फिरेल?"

हशा पिकला. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी वहिनीकडे बघून तोंड असं वाकडं केलं की हशा परवडला असता. वहिनीने पैज जिंकली होती. तंत्रशाळेचा विषय संपला होता. मग आनंद व्हायला काय हरकत होती? तिने बारकीकडे पाहिलं. पोर पंख्याकडे बघत उभी होती, ओठ पांढरे पडलेले.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "बाकावर मोटर सरळ ठेवली होती, टांगतात तशी. मी वरून बघत होते. टांगल्यावर खालून बघायचं असतं. मी दिशा उलटी धरली."

तारवाली भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी. "मग?"

"स्टार्टिंगच्या वेटोळ्याची टोकं उलटी जोडलीत."

"मग?"

"उतरवते."

अध्यक्षीणबाई पुढे आल्या. "उतरवते काय? वक्ते येऊन बसलेत. राहू दे तो पंखा बंद. आणि करायचंच असेल तर तुम्ही करा ना बाई, मोठ्या आहात. पोरीला कशाला शिडीवर चढवता?"

"तिने बांधलाय," तारवाली म्हणाली. "तीच उघडेल."

"हे तुमचं दुकान नाही!"

"नाहीच. दुकानात एवढी गर्दी असती तर मी केव्हाच हाकलली असती."

बारकीने कोणाकडे पाहिलं नाही. शिडी ओढली. मग वहिनीकडे वळली. घरात जी पोर आईशी नजर खाली ठेवून बोलायची, तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "आई, मेन स्विच बंद कर आणि तिथेच उभी राहा. बटणावर माझा विश्वास नाही. मी स्वतः सांगेपर्यंत कोणालाही हात लावू द्यायचा नाही. कोणालाही."

वहिनी गेली. का गेली ते तिला सांगता येणार नाही. दुसरं कोण जाणार होतं? तिने मेनचा दांडा खाली ओढला आणि सभागृहातले सगळे पंखे, माइक, दिवे, सगळं थांबलं.

उकाडा असा होता की भिंतींना घाम फुटावा. बारकीने पंखा उतरवला. पहारेकऱ्याच्या खोलीची लाइन वेगळी होती. तिथल्या प्लगवर जोडांना डाग द्यायची डागणी लावून ती व्हरांड्यात जमिनीवर बसली आणि पंखा उघडला. छताच्या हुकाजवळ उघड्या तारा लोंबत होत्या. आत बायकांची तोंडं सुटली. "आजकाल मुलींना काय काय करायचं असतं." "आईचं लक्ष नसलं की असंच होणार." "आईचं लक्ष देवात, पोरीचं तारेत." वहिनी मेनपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. प्रत्येक शब्द खरं तर तिचाच होता. गेले कित्येक महिने तिने हेच शब्द घरात वापरले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतके शिळे आणि आंबलेले लागतील असं तिला वाटलं नव्हतं.

बारकी पंखा घेऊन परतली. शिडीवर चढली, पंखा हुकात अडकवला आणि वर तारा जोडायला हात घातला. खालून पाहणाऱ्याला वाटावं, झालं काम. अध्यक्षीणबाईंना तसंच वाटलं. त्या तरातरा मेनपाशी आल्या.

"टांगला एकदाचा. चल, लाव लाइट. वक्ते उठून चाललेत."

"अजून जोडतेय ती."

"अगं टांगलाय ना! बाजूला हो." आणि त्यांचा हात दांड्यावर गेला.

वहिनीने त्यांचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, पिरगाळून खाली आणलं. अध्यक्षीणबाई कळवळल्या.

"हात काढा!" वहिनी ओरडली, आणि तो आवाज सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. "पोर आहे माझी वर! तारा हातात आहेत तिच्या! दिसत नाही?"

"माझ्यावर ओरडतेस? मंडळात? देवासमोर?"

"देवासमोरच ओरडतेय! देवासमोर पोर मेली असती तर काय सांगितलं असतं, वक्ते घामाघूम झाले होते म्हणून?"

वर शिडीवर बारकीचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. तिने चिकटपट्टी गुंडाळली, हुक झाकणारी वाटी वर सरकवली, उतरली, शिडी बाजूला केली. मग म्हणाली, "लाव, आई."

पंखा सरळ फिरला. मधल्या रांगेतल्या बायकांचे पदर हलले. ज्या बाईने उलट्या डोक्याचा विनोद केला होता ती तेवढी म्हणाली, "हं, येतोय वारा," आणि तेही उपकार केल्यासारखं.

तिघी घरी आल्या. दुकानाच्या उंबऱ्यात वहिनीने नणंदेला अडवलं.

"वन्सं, एक विचारते. बाकावर ती मोटर फिरत होती तेव्हा तुम्ही बघितली होती."

"बघितली."

"तेव्हाच कळलं तुम्हाला?"

"लगेच."

"आणि बोलला नाहीत."

"सांगून काय झालं असतं? आठवड्यात विसरली असती. लोकांसमोर एक पंखा उलटा फिरला की जन्मात पुन्हा चुकत नाही. मी अशीच शिकले."

"तिची पैज लागली होती माझ्याशी," वहिनी म्हणाली. "पंखा सभेत नीट चालला तर तंत्रशाळा, नाहीतर नाही. देवापुढे लावली होती. तुम्हाला सांगायचं नाही असं मीच म्हणाले होते."

तारवालीच्या चेहऱ्यावरचं सगळं जागच्या जागी थिजलं. ती बारकीकडे वळली. "तू बोलली नाहीस?"

"आईला शब्द दिला होता."

"मूर्ख!" तारवाली ओरडली. "अगं एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी..."

"तर काय केलं असतंत?" वहिनी म्हणाली. "चूक दाखवली असती? म्हणजे दाखवता येते तर! मग माझ्या पोरीला अख्ख्या मंडळासमोर शिडीवर कशाला चढवलीत? तुमच्या वडिलांनी तुम्हाला लपवलं म्हणून तुम्ही हिला चव्हाट्यावर उभी केलीत. ते एका टोकाचे, तुम्ही दुसऱ्या टोकाच्या. मध्ये कोणी माणूस जन्मलाच नाही का या घरात?"

भाऊ आतल्या दारात येऊन उभा राहिला होता. तो आत गेला.

"झालं तुझं?" तारवाली म्हणाली. आवाज नेहमीसारखा चढला नाही. "जिंकलीस. घाल तिला बालवाडीत. लहान पोरांचे शेंबूड पुसेल जन्मभर."

"ते मी ठरवीन. आणि ठरवलंय. ती तंत्रशाळेत जाणार."

बारकीने मान वर केली.

"पैज मी जिंकले, म्हणून मला हवं ते मी करणार," वहिनी म्हणाली. "विजेच्या शाखेला जाईल. पण तुमच्या दुकानात पाऊल ठेवायचं नाही. शिकायचंच असेल तर चूक दिसली की चूक म्हणणाऱ्यांकडे शिकू दे."

"तिथले मास्तर दगड आहेत."

"असू देत. दगड तरी वाटेत दिसतो."

"आई, आत्याकडे मी..."

"गप्प. आज शिडीवर तू सांगितलंस, मी ऐकलं. आता मी सांगतेय."

तारवाली बाकाशी जाऊन बसली. एरवी ती बसल्या बसल्या काहीतरी हातात घेई. आज तिने काही घेतलं नाही. वहिनीला ते दिसलं. आत कुठेतरी टोचलंही. पण तिने माघार घेतली नाही. घेतली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं असतं, आणि एवढं भांडण तिच्याच्याने दुसऱ्यांदा झालं नसतं.

संध्याकाळी ती देवापुढे बसली, पण नेहमीची ती तक्रार तोंडाशी येईना. उलट मधूनच मनगट पिरगाळल्याचं आठवे आणि हाताला अजून जोर आल्यासारखा वाटे. "क्षमा कर," ती म्हणाली, आणि लगेच मनात आलं की नक्की कशाची क्षमा मागतोय ते आधी नीट ठरवायला हवं. ठरेना. मग उठलीच.

दुसऱ्या दिवशी ती बारकीला घेऊन तंत्रशाळेत गेली. मंडळात आता तिच्याशी कोणी धड बोलणार नव्हतं, घरात नणंद बोलत नव्हती आणि बारकी रस्ताभर आत्यावरून धुसफुसत होती. म्हणजे तीन बाजूंनी वैर घेऊन बाई चौथ्या बाजूला निघाली होती. प्रवेशाच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्याने आधी वहिनीकडे आणि मग बारकीकडे पाहिलं, आणि काही विचारायच्या आधीच पेनाने पाठीमागची इमारत दाखवली.

"मुलींचं शिवणकाम तिकडे. मागच्या दाराने जा."

"शिवणकाम कोणी विचारलं?" वहिनी म्हणाली.

"नाही, म्हणजे मुली सहसा..."

"विजेची शाखा कुठे आहे?"

"बाई, तिथे सगळी मुलं असतात. एकटी मुलगी, जड काम, शॉक बसतो. उगाच पोरीला..."

"शॉक तिला नाही बसत," वहिनी म्हणाली. "पुढे तुम्हाला बसू नये म्हणून विचारतेय. कुठे आहे?"

मागे रांगेतलं कोणीतरी हसलं. कारकुनाने खुर्ची मागे सारली, पेन खाली ठेवलं आणि तोंड कडू करून समोरच्या जिन्याकडे बोट केलं. वहिनीने बारकीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं, जरा जोरातच.

"चल. आणि तिथे कोणी काही म्हणालं तर मला सांग. सध्या माझं सगळ्यांशीच पटत नाहीये, त्यात आणखी एक."